मालाच्या पुढे धावणारी खबर

नुकताच बाजारात आलेला स्मार्टफोन समुद्रापलीकडून मागवणाऱ्या ग्राहकाच्या हाती फोनाच्या कितीतरी आधी एक क्रमांक येतो, आणि पुढचे काही दिवस त्याला जे समजत राहते ते फोनाचे ठिकाण नसून त्या क्रमांकाची शेवटची नोंद कोठे झाली एवढेच असते. हा भेद वरवर पाहता सूक्ष्म वाटला, तरी दूरदेशीच्या व्यापाराचा इतिहास समजून घेताना तो सतत ध्यानात ठेवावा लागतो. कारण माल आणि मालाची खबर शतकानुशतके एकाच जहाजातून प्रवास करीत होत्या, मग त्या हळूहळू एकमेकांपासून सुटत गेल्या, आणि खबर मालाच्या पुढे धावू लागली तेव्हाच ज्याला आज ‘ट्रॅकिंग’ म्हणतात त्या व्यवस्थेचा पाया घातला गेला. ही व्यवस्था संगणकाने आणि इंटरनेटने घडवली असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्यांनी तिचा शेवटचा टप्पा तेवढा पूर्ण केला.

या व्यवस्थेतील सर्वांत जुन्या कागदांपैकी एक म्हणजे भरणपत्र, ज्याला बंदरातील व्यवहारात आजही ‘बिल ऑफ लेडिंग’ असेच म्हटले जाते. माल जहाजावर चढल्याची कप्तानाच्या सहीची ही पावती भूमध्य समुद्रावरील व्यापारी शहरांत मध्ययुगात रूढ झाली, आणि पुढे तिच्या एकाहून अधिक मूळ प्रती काढून एक पाठवणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची व दुसरी घेणाऱ्याकडे शक्यतो निराळ्या जहाजाने धाडायची, अशी पद्धत पडली. एखादे जहाज बुडाले किंवा रखडले तरी कागद वाचावा हा त्यामागचा हेतू होता. परंतु त्यामुळे कागद मालापासून वेगळा झाला, माल समुद्रावर असतानाच त्याची खरेदी-विक्री करता येऊ लागली, आणि माल आता कोठे असेल हा प्रश्न केवळ काळजीचा न राहता पैशाचा झाला. लंडनमध्ये १६८० च्या दशकात एडवर्ड लॉईड याने सुरू केलेल्या कॉफीगृहात जहाजांचे मालक, कप्तान आणि जहाजांचा विमा उतरवून देणारे धनिक जमत, ते याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. तेथील व्यवहारातून १७३४ मध्ये ‘लॉईड्स लिस्ट’ हे पत्र सुरू झाले, ज्यात कोणते जहाज कोणत्या बंदरात आले आणि कोठून निघाले याच्या नोंदी छापल्या जात, आणि १८११ पासून निरनिराळ्या बंदरांत नेमलेले प्रतिनिधी या नोंदी लंडनला कळवू लागले. दोन बंदरांच्या दरम्यान जहाजाचे काय होत आहे हे या पत्राला ठाऊक नसे, आणि ही मर्यादा पुढील प्रत्येक व्यवस्थेने वारशाने घेतली.

मुंबई बंदराच्या इतिहासात खबर आणि माल यांची फारकत विशेष ठळकपणे पाहावयास मिळते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून इंग्लंडला जाणाऱ्या शिडाच्या जहाजाला कित्येक महिने लागत, आणि त्या जहाजातील गाठींविषयीची पत्रेही बहुधा तशाच जहाजांतून जात. मुंबईच्याच गोदीत वाडिया घराण्यातील जहाजबांधणी तज्ज्ञांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझच्या दिशेने निघाली, आणि तांबड्या समुद्रातून व पुढे इजिप्तच्या भूमीवरून टपाल नेण्याची वाट व्यवहार्य असल्याचे तिने दाखवून दिले. ही वाट नियमित झाल्यावर पत्रे काही आठवड्यांत पोहोचू लागली, पण कापसासारखा अवजड माल आफ्रिकेच्या वळशानेच जात राहिला. त्यामुळे मुंबईहून निघालेल्या गाठींची वर्दी त्या गाठींच्या कितीतरी आधी लिव्हरपूलच्या आडत्याला मिळू लागली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईच्या कापसाला जो अभूतपूर्व भाव आला आणि युद्ध संपल्याच्या बातमीने जो एकाएकी कोसळला, त्यात प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सट्टेबाजांचा वाटा सर्वश्रुत आहे. तथापि बातमी एका वेगाने आणि गाठी दुसऱ्याच वेगाने चालत असल्यामुळे, समुद्रावर असलेल्या मालाची किंमत तो बंदराला लागण्यापूर्वीच बदलत होती, या कारणाकडे तितकेसे लक्ष दिले गेलेले नाही.

१८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळातील सर्वांत मोठ्या जहाजाने मुंबई आणि एडन यांच्या दरम्यान समुद्राच्या तळाशी तार अंथरली, आणि त्याच वर्षी ती सुएझमार्गे इंग्लंडपर्यंतच्या तारांशी जोडली गेली. जहाज बंदराला लागल्याची वर्दी आता काही तासांत परत येऊ लागली. मात्र तारेचा आकार शब्दागणिक असून तो फार भारी पडत असल्याने व्यापाऱ्यांनी संकेतकोशांचा आश्रय घेतला, म्हणजे माल चढला, जहाज रखडले, गाठी भिजल्या अशा नेहमीच्या मजकुरासाठी एकेक ठरीव शब्द योजणारी पुस्तके वापरात आणली. या संकेतकोशांचे महत्त्व किफायतीपुरते मर्यादित मानणे चुकीचे ठरेल. मालाच्या प्रवासात घडू शकणाऱ्या असंख्य गोष्टी मोजक्या ठरीव वाक्यांत बसवता येतात, हे त्यांनी प्रथम सिद्ध केले, आणि आजच्या ट्रॅकिंगच्या पडद्यावर दिसणारी रुक्ष वाक्ये याच परंपरेतील आहेत.

टपालाच्या बाबतीत ही परंपरा आंतरराष्ट्रीय करारातून पुढे गेली. १८७४ मध्ये बर्न येथे स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघात भारत १८७६ मध्ये सामील झाला, आणि एका देशाचे टपाल दुसऱ्या देशाने स्वतःचे समजून पोहोचवावे हे तत्त्व त्यालाही लागू झाले. या संघाने पुढे ठरवलेल्या प्रमाणानुसार परदेशी पार्सलाच्या क्रमांकात १३ चिन्हे असतात : आरंभीची दोन अक्षरे सेवेचा प्रकार सांगतात, मधले आठ अंक अनुक्रमांकाचे असतात, त्यानंतर पडताळणीचा एक अंक येतो आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे असतात. पडताळणीचा अंक काढण्यासाठी आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणून बेरजेला ११ ने भागतात व राहिलेल्या बाकीवरून तो ठरवतात, जेणेकरून लिहिताना एखादा अंक चुकला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली तर यंत्राच्या ते तत्काळ लक्षात यावे. पार्सल स्वीकारले गेले, देशाबाहेर पाठवणाऱ्या कार्यालयातून निघाले, परदेशी कार्यालयात पोहोचले, सीमाशुल्क खात्याने अडवून ठेवले, घरपोच झाले, अशा प्रत्येक घटनेसाठीही तीन अक्षरी संकेत ठरलेले आहेत, आणि मुंबईच्या बॅलार्ड पिअर येथील विदेशी टपाल कार्यालय याच जाळ्यातील एक दुवा आहे.

खाजगी कंपन्यांचा मार्ग याहून वेगळा होता, आणि त्याचा आरंभ पुन्हा भरणपत्रापाशीच झाला ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. १९६९ मध्ये एड्रियन डाल्सी, लॅरी हिलब्लॉम आणि रॉबर्ट लिन या तिघांनी सॅन फ्रान्सिस्को आणि होनोलुलू यांच्या दरम्यान ‘डीएचएल’ ही सेवा सुरू केली, तेव्हा ते माल नेत नसून जहाजावरील मालाचे कागद विमानाने नेत असत. जहाज बंदराला लागण्यापूर्वीच कागद तेथे पोहोचल्यामुळे सीमाशुल्काचे काम आधी उरकून घेता येई आणि जहाजाचा धक्क्यावरील खोळंबा टळे. १७ एप्रिल १९७३ रोजी मेम्फिस येथून ‘फेडरल एक्स्प्रेस’ने पहिल्या रात्री १४ विमानांतून १८६ पार्सले २५ शहरांकडे धाडली, आणि तिचे संस्थापक फ्रेड स्मिथ यांनी पार्सलाइतकीच पार्सलाविषयीची माहितीही मोलाची मानून १९७९ मध्ये ‘कॉसमॉस’ ही मध्यवर्ती संगणक प्रणाली उभी केली. संगणक असला तरी त्याला प्रत्येक टप्प्यावर माहिती पुरवणार कोण, हा प्रश्न मात्र शिल्लक होता, व त्याचे उत्तर दुकानदारीतून आले.

नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना यंत्राने वाचता येणाऱ्या रेषांचे पेटंट १९५२ मध्येच मिळाले होते. मॉर्स तारलिपीतील टिंब आणि रेघ खाली ओढून लांबवल्या तर जाड-बारीक पट्ट्या तयार होतात, ही वुडलँड यांची मूळ कल्पना होती, म्हणजे तारयंत्राचा वारसा येथेही पोहोचला होता. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १९६७ पासून मालडब्यांच्या बाजूंवर रंगीत पट्ट्यांच्या पाट्या लावून ‘कारट्रॅक’ नावाची योजना राबवली, पण धूळ आणि काजळी बसून त्या पाट्या वाचता येईनात, म्हणून ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस सोडून द्यावी लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय येथील एका दुकानात च्युइंगगमचे पाकीट यंत्राने वाचले गेले आणि बारकोड व्यवहारात आला. १९८६ मध्ये फेडरल एक्स्प्रेसने तो वाचणारे हातात मावणारे यंत्र आपल्या कर्मचाऱ्यांना दिले, आणि १९९४ च्या अखेरीस तीच नोंद ग्राहकाला इंटरनेटवरून स्वतः पाहता येऊ लागली. या सर्व घडामोडींत निर्णायक ठरले ते हातातले यंत्र, कारण पार्सल एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना तेथल्या तेथे त्याची नोंद करणे त्यामुळेच शक्य झाले.

समुद्रावरील मालाची ओळख पटवण्याची पद्धत याच काळात कंटेनरने बदलली. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ जहाजाने नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या नेल्या, आणि पुढे प्रत्येक कंटेनरला मालकाची अक्षरे, सहा अंक व पडताळणीचा एक अंक असा जागतिक क्रमांक मिळाला. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदरात जुलै २०१६ पासून कंटेनरवर रेडिओलहरींनी वाचता येणारी चकती लावून त्याचा बंदरापासून आतल्या गोदामापर्यंतचा माग काढला जाऊ लागला.

स्मार्टफोनाच्या वाट्याला मात्र कंटेनरचे जहाज क्वचितच येते. वजनाच्या मानाने त्याची किंमत फार, बाजारातील नवेपणाचे आयुष्य थोडे, आणि विक्रीचा दिवस आधीच जाहीर झालेला असल्यामुळे तीन-चार आठवड्यांचा समुद्रप्रवास परवडत नाही. २००७ मध्ये पहिला आयफोन चीनमधील शेन्झेन येथे जुळवला गेला, आणि २०१० पासून हेनान प्रांतातील झेंगझोऊ येथे, विमानतळालगतच्या शुल्कमुक्त क्षेत्रात, फॉक्सकॉन कंपनीचा अवाढव्य कारखाना उभा राहिला, जेथे सीमाशुल्काचे काम कारखान्याच्या दाराशीच पार पडते. एका मोठ्या मालवाहू बोइंग ७४७ विमानात सुमारे दीड लाख फोन मावतात. प्रत्येक फोनाला १५ अंकी ‘आयएमईआय’ क्रमांक असतो, तो डब्यावर, अनेक डबे असलेल्या खोक्याच्या यादीत, त्या खोक्यांच्या पॅलेटवर आणि अखेर ११ अंकी विमान-भरणपत्रात अशा एकात एक गुंफलेल्या नोंदींतून पुढे सरकतो; कोठेही फोन प्रत्यक्ष पाहिला जात नाही, वरच्या थराची नोंद झाली की आतल्या सगळ्या थरांचा प्रवास झाला असे मानले जाते.

परदेशी ग्राहकाला बुचकळ्यात पाडणारी शांतता याच रचनेतून येते. लेबल छापले गेल्याची पहिली नोंद पार्सल कारखान्यातच असताना उमटते. नंतर हजारो पार्सले एकत्र करून एकाच दाखल्यावर सीमाशुल्कातून सोडवली जातात, तेव्हा सुट्या पार्सलाची स्वतंत्र नोंद अनेकदा होतच नाही, आणि ते अमेरिकेतील लुईव्हिल किंवा मेम्फिस येथील वर्गीकरण केंद्रात सुटे झाल्यावरच पुन्हा दिसू लागते. वाटेत अलास्कातील अँकरेज येथे विमान इंधनासाठी उतरते, कारण भरपूर माल लादल्यावर पॅसिफिक महासागर एका दमात ओलांडण्याइतके इंधन सोबत घेणे किफायतशीर नसते. विक्रीच्या दिवसाआधी पार्सल गावच्या केंद्रात येऊन पडले तरी ते ठरलेल्या तारखेपर्यंत रोखून धरले जाते. ही शांतता म्हणजे व्यवस्थेतील बिघाड नव्हे. ट्रॅकिंग हा प्रवासाचा वृत्तांत नसून हस्तांतरांची नोंदवही आहे, आणि लॉईड्सच्या कॉफीगृहापासून तिचे हे स्वरूप बदललेले नाही.

भारताची बाजू अलीकडे पालटली आहे. २०१७ मध्ये बंगळुरू येथे आयफोनाची जुळणी सुरू झाली, पुढे चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर हे त्याचे मोठे केंद्र बनले, आणि एप्रिल २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने दिलेल्या बातमीनुसार वाढीव आयातशुल्क लागू होण्याच्या शक्यतेमुळे सुमारे ६०० टन फोन खास विमानांनी भारतातून अमेरिकेला नेण्यात आले, व त्यासाठी चेन्नई विमानतळावरील सीमाशुल्काच्या कामाचा वेळ ३० तासांवरून ६ तासांवर आणण्यात आला. एके काळी कापसाच्या गाठींची खबर परदेशी धाडणारा देश आता नव्या यंत्रांची खबर धाडू लागला आहे.

या खबरींचे पुढे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येण्याजोगा नाही. ‘लॉईड्स लिस्ट’चे १७४१ पासूनचे अंक आज ग्रंथालयांत वाचता येतात, आणि मुंबईच्या जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांत छापलेल्या जहाजांच्या आगमन-निर्गमनाच्या याद्यांवरून एकोणिसाव्या शतकातील व्यापाराचे चित्र पुन्हा उभे करता येते, याउलट पार्सलाच्या ट्रॅकिंगची नोंद काही महिन्यांत दिसेनाशी होते आणि ठरावीक काळानंतर तेच क्रमांक दुसऱ्या पार्सलांना दिले जातात. ग्राहकाची ओळख वगळून या नोंदींचे निवडक संच जतन करण्याचे काम टपाल खाते, बंदर प्राधिकरणे आणि राज्याची अभिलेखागारे यांनी एकत्र येऊन हाती घ्यावे, आणि त्याचा आरंभ न्हावाशेवा व चेन्नई येथील नोंदींपासून करावा.