उत्तम केशकर्तनकार कोणाला म्हणावे?

पेडणे तालुक्यातील शापोरा नदीकाठचे हळर्ण हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते किल्ल्यामुळे. याच तालुक्याच्या किनारपट्टीवर, मोरजी-हरमलकडे, सलूनच्या खुर्चीत बसणारे गिऱ्हाईक अनेकदा परप्रांतीचे किंवा परदेशी असते आणि पुन्हा दिसेलच असे नाही. हळर्णसारख्या गावात तसे होत नाही. तेच डोके महिन्याभराने पुन्हा समोर येते, आणि पुढे त्याच्या मुलाचेही येते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. खुर्चीतून उठताना आरशात जे दिसते त्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात ते केस कसे बसतात, यावर गावातील कारागिराची किंमत ठरते.

म्हणून या व्यवसायात हाताआधी नजर लागते. जाणकार कारागीर केस ओले करण्यापूर्वी ते कोरडे असताना पाहून घेतो. भोवरा कोणत्या बाजूला आहे, कपाळाची रेषा कुठे मागे सरकली आहे, मानेवरचे केस कोणत्या दिशेने वळतात, हे पाण्याचा फवारा मारल्यावर लपते. ओला केस ताणला जातो आणि वाळल्यावर आखडतो. कुरळ्या केसांत हा फरक इतका असतो की, ओले असताना खांद्यापर्यंत ठेवलेले केस घरी पोहोचेपर्यंत कानाशी येतात. त्यातून गोव्याची दमट हवा. केसांचा तात्पुरता आकार ज्या हायड्रोजन बंधांवर टिकतो ते ओलाव्याने सुटतात. वातानुकूलित खोलीत गरम हवेने सरळ केलेले केस पावसाळ्यात बाहेर पडताच मूळ वळणावर जातात. हे ज्याला कळते तो गिऱ्हाइकाने मोबाइलवर दाखवलेल्या छायाचित्राला लगेच होकार देत नाही. तो आधी विचारतो: रोज केस विंचरायला किती वेळ मिळतो? हेल्मेट घालून म्हापशाला जावे लागते का? साधेच प्रश्न, पण निम्मे काम त्यांतच होते.

लंडनच्या व्हिडाल ससून (1928–2012) यांनी 1960 च्या दशकात हाच विचार टोकाला नेला. डोक्याच्या हाडांची ठेवण पाहून केस असे कापायचे की ते झटकले तरी आपोआप जागेवर पडावेत. दर आठवड्याला पार्लरमध्ये जाऊन ते बसवून घेण्याची गरज राहू नये. जगभरच्या सलूनमध्ये आज जे भौमितिक काप शिकवले जातात, त्यांतील पुष्कळ या विचारातून आले.

नजर आणि हात सरावाने येतात. अवघड आहे तो नकार. केस काळे करण्याच्या बहुतेक कायमस्वरूपी रंगांत पीपीडी हे रसायन असते आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. त्यासाठी कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडा रंग लावून 48 तास वाट पाहावी लागते. लग्न उद्यावर आलेले असताना गिऱ्हाइकाला हे सांगणे म्हणजे पैसे परत करण्याची तयारी ठेवणे होय. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून उष्णता दिल्यावर फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात कर्करोग घडवणारे द्रव्य ठरवले आहे. त्याची वाफ गिऱ्हाईक वर्षातून एकदा घेते. खुर्चीमागे उभी असलेली मुलगी दिवसभर घेते. बाटलीवरील मजकूर वाचणारा कारागीर म्हणूनच स्वतःचाही रक्षक असतो.

नकाराचे सर्वांत मोठे उदाहरण याच व्यवसायाच्या इतिहासात आहे. विधवांचे केशवपन ही रूढी न्हाव्याच्या वस्तऱ्याशिवाय चालूच शकत नव्हती. 1890 मध्ये मुंबईत ‘दीनबंधु’चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरवले. सुधारकांचे लेख वर्षानुवर्षे जे सांगत होते, ते हत्यार हाती असणाऱ्यांनी कामातून सांगितले. यजमानांच्या आश्रयावर जगणाऱ्या बलुतेदारासाठी हा ठराव पोटावर पाय आणणारा होता. आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत त्याला आणखी जागा मिळायला हवी होती.

स्वच्छतेविषयी थोडक्यात: प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते आणि धुतलेला पंचा. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’च्या संदर्भात यात सवलत नाही. केस धुताना मान बेसिनच्या कडेवर फार मागे वाकवली तर रक्तवाहिनीला इजा होऊन क्वचित पक्षाघातही होऊ शकतो. मानेखाली घडी घातलेला टॉवेल हा साधा उपाय आहे.

माणसाला स्वतःच्या डोक्याची मागची बाजू दिसत नाही. तिथली चाई, नायटा किंवा मुलाच्या केसांतील लिखा प्रथम दिसतात त्या कारागिराला. अशा वेळी आवाज किती खाली आणावा, हे ज्याला समजते त्याच्याकडे लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात. गावातील सलून म्हणजे वर्तमानपत्र मोठ्याने वाचण्याची जागा. तिथे एका वाक्यात एखाद्याची लाज निघू शकते. केमोथेरपीनंतर उरलेले केस काढायला आलेल्या बाईसाठी दार लोटून घेणे, पहिल्यांदा जावळ काढताना रडणाऱ्या बाळाला आईच्या मांडीवरच बसू देणे, हेही या कसबात येते.

धोपटी काखेला मारून वडिलांमागे फिरत शिकण्याची वाट आता आक्रसली आहे. आयटीआयमध्ये सौंदर्यप्रसाधनाचा अभ्यासक्रम असतो, आणि 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत केशकर्तनाचाही समावेश आहे. त्यात प्राथमिक प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पुढे सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळते. कात्री त्या पैशांत चांगली येते. ती कुठे थांबवायची, हे शिकायला मात्र कोणाच्या तरी खुर्चीमागे काही वर्षे उभे राहावे लागते.