तीन वर्षांचा बेत, चौदा वर्षांचा अभ्यास

दहावी-बारावीच्या वर्गांत अलीकडे एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. "सर, परदेशात शिकायला जायचं तर काय करावं लागतं?" आपण आपल्या परीने उत्तर देतो. गुण किती हवेत, कोणती परीक्षा द्यायची, फी किती, शिष्यवृत्ती मिळते का, व्हिसा केव्हा काढायचा. उत्तर चुकीचे नसते, पण ते यादीसारखे असते. यादीतल्या एकेका शब्दामागे काय दडलेले असते, हे कळायला एखाद्या विद्यार्थ्याची खरी हकीगत उपयोगी पडते. अशी एक हकीगत आपल्याकडे आहे. तिचा नायक सर्वांच्या परिचयाचा आहे, पण विद्यार्थी म्हणून त्याच्याकडे आपण क्वचितच पाहतो. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

एक शिक्षक, एक पुस्तक

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे ही तेव्हा इतकी दुर्मिळ गोष्ट होती, की मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा भरली. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. केळुसकर हे भीमरावांच्या शाळेतले शिक्षक नव्हते. बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला होता, एवढाच संबंध. पुढे कॉलेजची फी भरणे घरच्यांना जड जाऊ लागले, तेव्हा केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. परदेशगमनाच्या बेतातला पहिला दुवा हा असा एका शिक्षकाच्या नजरेत सापडतो.

१९१३ च्या फेब्रुवारीत भीमरावांचे वडील वारले. त्याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवण्याच्या विचारात होते. भीमरावांनी अर्ज केला आणि निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. तिथले विद्यापीठ होते कोलंबिया आणि विद्यार्थ्याचे वय बावीस वर्षे.

साडेअकरा पौंडांचा हिशेब

करार काय होता, ते पाहू. संस्थान तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देणार. विद्यार्थ्याने ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची.

त्या काळी एका पौंडाचे पंधरा रुपये होत, म्हणजे दरमहा सुमारे १७२ रुपये. एका पौंडाला अमेरिकेत सुमारे ४ डॉलर ८६ सेंट मिळत, म्हणजे महिन्याचे ५६ डॉलर. राहणे, जेवण, पुस्तके, कपडे सगळे त्यातच, आणि मुंबईच्या घराकडेही लक्ष द्यायचे. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाणे ही या विद्यार्थ्याची एकच चैन होती.

वेळेचा हिशेब त्याहून कडक होता. कोलंबियातील नोंदींप्रमाणे त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचा एकेक. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. हा निबंध पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. १९१६ च्या उन्हाळ्यात डॉक्टरेटसाठीचा प्रबंधही सादर झाला. तीन वर्षांचा बेत तीन वर्षांत पुरा झाला, असे वाटावे.

छापील प्रतींची अट

पण पदवी हाती आली नाही. कोलंबियात तेव्हा नियम असा होता की प्रबंध मान्य झाला तरी तो छापून, ठरावीक प्रती विद्यापीठाला सादर केल्यावरच पीएच.डी. द्यायची. हा नियम मागच्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांकडून आला होता. संशोधन म्हणजे ज्ञानात भर, आणि भर पडली म्हणायची तर ती इतरांना वाचता आली पाहिजे, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच, पण छपाईचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून व्हायचा. शिष्यवृत्तीच्या करारात त्याची सोय नव्हती.

परदेशी विद्यापीठाची माहिती काढताना आपण प्रवेशाचे नियम पाहतो. पदवी मिळण्याचे नियमही तितक्याच बारकाईने वाचायला हवेत, हे यावरून ध्यानात यावे. प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचे त्यांचे पुस्तक लंडनला छापून निघाले ते १९२५ साली. त्याला त्यांचे कोलंबियातील गुरू प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना होती, आणि पुस्तक सयाजीरावांना अर्पण केलेले होते. त्यानंतर १९२७ च्या जूनमध्ये कोलंबियाने पीएच.डी. दिली. तेव्हा भीमराव छत्तीस वर्षांचे होते.

चार वर्षांची सवलत

पुन्हा १९१६ कडे वळू. न्यूयॉर्कहून भीमराव लंडनला गेले. 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये अर्थशास्त्र आणि 'ग्रेज इन'मध्ये बॅरिस्टरी असे दोन अभ्यास त्यांनी एकदम धरले. बॅरिस्टरीची एक गंमत सांगण्याजोगी आहे. परीक्षांखेरीज प्रत्येक सत्रात 'इन'च्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवल्याशिवाय सत्र भरले असे धरत नसत. म्हणजे कितीही हुशार असला तरी विद्यार्थ्याला ही मुदत आखडता येत नसे. लंडनमध्ये राहण्याचा खर्च टळणारा नव्हता.

बडोद्याने शिष्यवृत्तीची मुदत वाढवली, पण ती १९१७ मध्ये संपली आणि परत येण्याचा निरोप आला. अभ्यास अर्धवट टाकून जायचे म्हणजे नाव कायमचे कमी होण्याची भीती. इथे भीमरावांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून लेखी सवलत मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी ती सवलत होती. पैसे हाताशी नव्हते, पण दार उघडे राहिले.

पहिले महायुद्ध चालू होते. भीमरावांनी सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. ती बोट पाणतीराने बुडवली गेली, आणि जमवलेली पुस्तके व कागद समुद्रात गेले. ते स्वतः ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला सुखरूप उतरले.

परतीचा मुक्काम

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. जागा महाराजांच्या लष्करी चिटणिसाची. पण शहरात राहायला जागा मिळेना. अस्पृश्याला खोली द्यायला कोणीही हिंदू खाणावळवाला तयार नव्हता. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. कचेरीतही शिपायांच्या वागण्यात शिवाशिव होतीच. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव धर्मशाळेत आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. दोन ओळखीच्या घरी त्यांनी आसरा मागितला, पण दोन्हीकडे नकार मिळाला. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठीबागेत बसून काढला.

ही हकीगत त्यांनी स्वतः पुढे १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवली, आणि ती १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या मथळ्याचा अर्थ आहे 'व्हिसाची वाट पाहताना'. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये राहून आलेल्या माणसाला प्रवेशाचा परवाना हवा होता तो आपल्याच देशात.

संस्थानाने पैसा दिला, विषय ठरवले, दहा वर्षांची नोकरीही ठरवली. परंतु परत आलेला विद्यार्थी रात्री झोपणार कुठे, हा प्रश्न कराराच्या कागदावर कुठेच नव्हता. दहा वर्षांचा करार त्या एका प्रश्नावर मोडला.

दुसरा बेत

पहिला बेत दुसऱ्यांनी आखलेला होता. दुसरा भीमरावांनी स्वतः आखला. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांना दरमहा ४५० रुपयांची नोकरी मिळाली. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती सोडली. सोळा महिन्यांचा पगार झाला ७,२०० रुपये. त्यातूनच परळच्या चाळीतले दोन खोल्यांचे बिऱ्हाड चालायचे, आणि त्यातूनच लंडनसाठी शिल्लक टाकायची. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १,५०० रुपयांची मदत केली. न्यूयॉर्कच्या वसतिगृहातले मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. १९२० च्या जुलैत भीमराव लंडनला निघाले. चार वर्षांची सवलत संपायला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष उरले होते.

या बेतात आणखी एक भागीदार होती. मुंबईचे घर रमाबाईंनी चालवले. पैशांची चणचण, मुलांची आजारपणे आणि पतीचा खंडित सहवास हे सगळे त्यांच्या वाट्याला आले. परदेशी शिक्षणाच्या जमाखर्चात असा खर्च मांडला जात नाही, पण तो कुणीतरी भरत असते.

लंडनमधला दिनक्रम ठरलेला होता. सकाळी घरमालकिणीकडची तुटपुंजी न्याहारी, मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन, आणि रात्री भुकेला आधार म्हणून भाजलेले पापड. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टरी झाली. त्याच वर्षी डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला.

रुपयाचा प्रश्न

हा प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर. विषय ग्रंथालयातला होता, तसाच रुपयांत पैसे जमवून पौंडांत खर्च करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातलाही होता. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक मिळत. १९२१ मध्ये हा दर सव्वा शिलिंगाच्या आसपास उतरला. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. वीस शिलिंगांचा एक पौंड. दोन शिलिंग दराने ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात. सव्वा शिलिंग दराने होतात ३१२ पौंड १० शिलिंग. विद्यार्थ्याने एक पैही उधळली नाही, तरी वर्षभरात १८७ पौंड १० शिलिंग नाहीसे!

रुपयाची किंमत अशी वरखाली का होते, आणि ती ठरवण्याची मोकळीक सरकारच्या हाती किती असावी, याची चिकित्सा या प्रबंधात होती. केन्स यांच्यासारख्या नामांकित अर्थशास्त्रज्ञाच्या मताला त्यात विरोध होता. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी प्रबंध नव्याने लिहायला सांगितले. पैसे संपले होते, म्हणून एप्रिलमध्ये भीमराव मुंबईला परतले. इथूनच त्यांनी सुधारलेला प्रबंध पाठवला, आणि वर्ष संपण्यापूर्वी तो मान्य होऊन पुस्तकरूपाने निघाला. पुढे १९२५ मध्ये भारतीय चलनाच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला, तेव्हा त्याच्यापुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली.

आपल्या वर्गात

१९१३ ते १९२७. तीन वर्षांच्या बेताला चौदा वर्षे लागली. बेत फसला असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. बेत दोनदा मोडला, पण दोन्ही वेळा पुन्हा जोडता येईल असा एक धागा शिल्लक ठेवलेला होता. एकदा तो विद्यापीठाच्या लेखी सवलतीचा होता, एकदा मित्राच्या कर्जाचा.

आज आपल्याकडे येणाऱ्या मुलाला आपण फी, परीक्षा आणि तारखा सांगतोच. त्याच्याबरोबर आणखी चार प्रश्न त्याच्या वहीत लिहून द्यायला हरकत नाही. पदवी मिळण्याच्या अटी कोणत्या? पैसा मध्येच थांबला तर अभ्यास राखून ठेवता येतो का? रुपया घसरला तर किती महिने तग धरता येईल? आणि परत आल्यावर कुठे उभे राहायचे? यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकट्या विद्यार्थ्याने द्यायचे नसते, ते समाजानेही द्यायचे असते.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले आहे. १९२० सालच्या त्या दीड हजार रुपयांची आठवण त्या नावात आहे. वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी या शिष्यवृत्तीला पात्र असू शकेल. कदाचित ती आपल्या वर्गातली नसेल, शेजारच्या शाळेतली असेल. केळुसकर मास्तरांनी ते पाहिले नव्हते.