आजारी चालकाला दया नको, हक्क हवा

आजारामुळे गाडी चालवणे धोक्याचे ठरले, तर चालकाला स्टिअरिंगवरून उतरवलेच पाहिजे. प्रवाशांच्या जिवाशी खेळण्याची सूट आम्ही मागत नाही. पण स्टिअरिंगवरून उतरवणे वेगळे आणि नोकरीवरून काढणे वेगळे. व्यवस्थेने या दोन गोष्टी वर्षानुवर्षे एकच मानल्या. त्या वेगळ्या कशा झाल्या, हा इतिहास आपण वाचला पाहिजे.

राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाने दृष्टी अधू झालेल्या चालकांना सेवेतून काढून टाकले. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९० साली न्या. पी. बी. सावंत यांनी निकाल लिहिला. प्रकृतीच्या कारणाने काढणे ही औद्योगिक विवाद कायद्यानुसार 'कामगार कपात' ठरत नाही, असे न्यायालयाला मान्य करावे लागले. तरीही न्यायालय तिथे थांबले नाही. गाडी चालवता चालवताच डोळे अधू झाले असतील, तर तो त्या कामातलाच धोका आहे. त्याची किंमत एकट्या कामगाराने का मोजायची? म्हणून चालकांना दुसरे काम द्या, ते नसेल तर निवृत्तीच्या लाभांशिवाय भरपाईही द्या, असा आदेश झाला.

पुढे १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४७ ने हेच तत्त्व कायद्यात आणले. सेवेत असताना अपंगत्व आले तर काढायचे नाही, पगारश्रेणी तीच ठेवून दुसरे पद द्यायचे, पद नसेल तर निर्माण करायचे. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांना ठाऊक असलेला सिकलसेलही त्यात आला.

पण मधुमेह त्या यादीत नाही. रंगांधळेपणाही नाही. मग यादीबाहेरच्या चालकाने जायचे कुठे?

याचे उत्तर २०२५ साली मिळाले. आंध्रच्या परिवहन महामंडळाने रंगांधळा ठरवून घरी बसवलेल्या एका चालकाला सर्वोच्च न्यायालयाने पर्यायी काम मिळवून दिले. आधार कशाचा होता? कामगार संघटनेने १९७९ साली महामंडळाशी केलेल्या कराराचा! कायदा अपुरा पडला तिथे संघटनेचा करार ४६ वर्षांनंतर उभा राहिला. 'संघटित व्हा' याचा अर्थ याहून स्पष्ट कोणता सांगावा?

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. कामगाराचे शरीर मालकाच्या मर्जीवर सोडायचे नाही, हा त्यामागचा विचार होता. संविधानाच्या कलम ४१ मध्येही आजारपणात आणि अपंगत्वात साहाय्य मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे.

आज आपली कितीतरी मुले ट्रकवर, कंत्राटी बसवर, ॲपच्या टॅक्सीवर आहेत. २०१६च्या कायद्याचे कलम २०(४) फक्त सरकारी आस्थापनांना लागू होते. खासगी मालकाकडे साखर वाढली असे सांगितले की दुसऱ्या दिवशी दुसरा चालक. म्हणून आजार लपवला जातो, गोळी चुकते, आणि धोका प्रवाशांपर्यंत पोहोचतो. रोजीची हमी नसेल तिथे खरी वैद्यकीय तपासणी होऊच शकत नाही.

म्हणून पर्यायी कामाचा हक्क खासगी आणि कंत्राटी चालकालाही मिळाला पाहिजे. तो कायद्यात येईपर्यंत प्रत्येक संघटनेने आपल्या करारात हे कलम लिहून घ्यावे. १९७९ साली ज्यांनी लिहून घेतले, त्यांनी आपल्याला वाट दाखवली आहे.

जय भीम!