उसना सोलो

हळू या. या घराचे शेजारी आधीच वैतागलेले आहेत. साल 1943, गाव इंडियानापोलिस, आणि मागच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसलेला हा विशीतला पोरगा म्हणजे पुढचा जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी. नुकतंच लग्न झालंय. लहानपणी थोरल्या भावानं, माँकनं, दिलेली चार तारांची गिटार होती. ही सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार आणि हा अँप मात्र नवे आहेत, चांगले पैसे मोजून घेतलेले. तुमची गिटार अजून पाठीवरून उतरवू नका. बसा खाली.

तुम्ही इथे कशासाठी आलात ते ठाऊक आहे. पियानोवाला आपला सोलो संपवून तुमच्याकडे मान वळवतो आणि घरी घोटघोट घोटलेल्या सगळ्या स्केल त्याच क्षणी हातातून निसटतात. डोक्यात एकच घोषा: काहीतरी नवं सुचलं पाहिजे, अगदी आपलं असं. सुचत काहीच नाही, आणि कोरस, म्हणजे गाण्याचं एक आवर्तन, निम्मा निघूनही गेलेला असतो.

पोरगा तबकडीवरची सुई उचलतो आणि किंचित मागे ठेवतो. गिटारवादक चार्ली क्रिश्चनचा ‘सोलो फ्लाइट’, बेनी गुडमनच्या ऑर्केस्ट्राबरोबर 1941 साली ध्वनिमुद्रित झालेला. सगळा मिळून तीनेक मिनिटांचा ऐवज. त्यातली एक लांबलचक जागा आली की पोरगा डोळे मिटतो, वाजवून बघतो, मध्येच अडतो. सुई पुन्हा मागे. नोटेशन त्याला वाचता येत नाही, त्यामुळे कानाखेरीज आधार नाही. विचारायलाही कुणी नाही: क्रिश्चन 1942 च्या मार्चमध्येच क्षयानं गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. मागे राहिल्यात त्या तबकड्या.

आता त्याच्या उजव्या हाताकडे बघा. प्लेक्ट्रम बाजूला पडलंय. अंगठ्याच्या मांसल कडेनं तो तार खाली दाबल्यासारखी छेडतो, आणि सूर गोल, दबका निघतो. शेजारपाजाऱ्यांनी कटकट केली म्हणून काढलेली ही तोड. पुढे हाच आवाज त्याची ओळख ठरणार आहे, पण आज त्याला फक्त घरातली शांतता सांभाळायची आहे.

चला, काही महिने पुढे. हा क्लब 440. वेसला इथे काम मिळालंय ते एकाच गोष्टीसाठी: क्रिश्चनचे सोलो वाजवायचे. त्याची पाळी येते आणि तो पाठ केलेला सोलो पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत जसाच्या तसा वाजवतो. लोक खूश होतात. मग तो गप्प बसतो. बँड पुढे वाजत राहतो आणि वेसच्या मांडीवर गिटार नुसती पडलेली असते, कारण याच्यापलीकडे त्याला काही येत नाही. हे त्यानंच पुढे मोकळेपणी सांगून ठेवलंय.

मला त्याच्या सगळ्या आयुष्यात हा काळ फार मोलाचा वाटतो. जवळ आहे ते सगळं उसनं, हे माहीत असूनही तो स्टेजवर चढला. स्वतःचं काही सुचेपर्यंत घरी थांबला असता तर कदाचित तिथेच राहिला असता. दुसऱ्याचा सोलो असेना, तो चालत्या लयीत, लोकांसमोर, न डगमगता शेवटापर्यंत न्यायचा म्हणजे निम्मं काम झालेलं असतं. लय सुटत नाही, सूर कापत नाही, आणि कोरस कुठे संपणार हे अंगाला कळायला लागतं. भीती बहुतेक याच गोष्टींची असते. सुरांची तशी कमीच.

आणि ते गप्प बसणं? तेही वाया जात नसावं. हात रिकामे असले की कान मोकळे होतात. पियानोवाला कुठल्या कॉर्डवरून कुठे जातो ते ऐकू येतं, आणि मग लक्षात येतं की क्रिश्चनची ती लांब जागा नेमकी याच वळणावर बसते. तीच दुसऱ्या गाण्यात तशाच वळणावर बसेल. दोन मात्रा उशिरा उचलली तर निराळीच लागेल, आणि अर्ध्यात सोडून पुढचं आपल्या मनानं पुरं केलं तर ती क्रिश्चनची उरणारही नाही.

मधली वर्षं भरभर ओलांडू. 1948 मध्ये लायनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर दौरे, 1950 मध्ये परत घरी. दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री क्लब.

1959. मध्यरात्र उलटून गेल्यावर जागा होणारा हा मिसाइल रूम क्लब. ऑर्गनवर मेल्विन ऱ्हाइन, ड्रम्सवर पॉल पार्कर. याच वर्षी सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली वेसला इथे ऐकेल आणि न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीला त्याच्याबद्दल सांगेल. तुम्ही पुढच्या टेबलाशी सरका, डावा हात दिसला पाहिजे. सुरुवातीचे कोरस एकेका सुराचे. मग तोच सूर दोन सप्तकांत एकदम: पहिलं बोट खालच्या सुरावर, करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट वरच्या सुरावर, आणि मधल्या तारेला पहिल्या बोटाचाच आडवा स्पर्श, ती बोलू नये म्हणून. अंगठा तिन्ही तारांवरून जातो, वाजतात दोनच. सुरुवातीला हे ऑक्टेव्ह वाजवताना ताणानं त्याचं डोकं दुखायचं. शेवटी भरगच्च कॉर्ड. नेहमी अगदी याच क्रमानं नाही, पण बऱ्याचदा. कुठून निघून कुठे पोचायचं हे आधीच ठरलेलं असल्यानं वाटेत सुचेल ते तो बिनघोर वाजवू शकतो.

आता गिटार काढा. ब्लूज आहे, बारा बारांचा. तुम्हाला पुरती येणारी एक जागा पहिल्या दोन बारांत ठेवा, पुढचे दोन रिकामे सोडा. ऑर्गन काय म्हणतोय ते ऐका. पाचव्या बारला कॉर्ड बदलेल, तिथे तीच जागा जरा उशिरा उचला. बोट चुकीच्या सुरावर पडलं तर शेजारच्या फ्रेटवर सरकवा; चालेलसा सूर तिथेच कुठेतरी असतो. लय चालूच आहे. शेवटच्या दोन बारांत काही सुचलं नाही तर वाजवू नका. ड्रमर तुमच्याकडे बघतोय: आणखी एक कोरस घेणार का, एवढंच त्याला विचारायचं आहे.