ऑर्गनच्या सुरांवरचा हक्क

'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' हे प्रोकोल हॅरम या ब्रिटिश रॉक बँडचे पहिलेच गीत. मे १९६७मध्ये त्याची तबकडी बाजारात आली आणि जूनमध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत अग्रस्थानी पोहोचले. तेथे ते सलग सहा आठवडे राहिले. अमेरिकेतही त्याने पाचव्या क्रमांकापर्यंत मजल मारली. जगभरात त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे मानले जाते. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' हा गाजलेला अल्बमही त्याच सुमारास प्रसिद्ध झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे नवख्या बँडच्या या यशाचे मोल कळते.

बँडचे नाव एका मांजरावरून घेतलेले. गायक व पियानोवादक गॅरी ब्रूकर याआधी 'द पॅरामाउंट्स' या वाद्यवृंदात होते. कीथ रीड हे कवी. ते कोणतेही वाद्य वाजवत नसत, तरीही बँडचे सभासद मानले जात. रीड यांनी शब्द लिहिले, ब्रूकर यांनी त्यांना चाल दिली. त्यानंतर हॅमंड ऑर्गन वाजवणारे मॅथ्यू फिशर बँडमध्ये दाखल झाले. एप्रिल १९६७मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत निर्माते डेनी कॉर्डेल यांच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण झाले. मूळ गीताची कडवी चार होती. तबकडीवर त्यांपैकी दोनच घेण्यात आली.

गाणे सुरू होते ते ऑर्गनच्या आठ मात्राखंडांच्या सुरावटीने. खर्जातील स्वर पायरीपायरीने खाली उतरत जातात आणि त्यांवर ऑर्गनची धून संथपणे तरंगत राहते. योहान सेबास्टियन बाखच्या रचनांचा, विशेषतः त्याच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधील 'एअर'चा प्रभाव येथे स्पष्ट जाणवतो. मात्र ती बाखची नक्कल नव्हे. चर्चमधील गांभीर्य आणि ब्रूकर यांच्या आवाजातील कृष्णवर्णीय सोल संगीताचा दर्द यांचा असा मिलाफ त्या काळी विरळाच होता.

शब्दांचा अर्थ मात्र आजवर कोणालाही नेमका लावता आलेला नाही. नृत्य, मद्य, समुद्र, ओसरत जाणारे नाते अशा प्रतिमा एकामागून एक येतात, पण त्यांतून सरळ कथा उभी राहत नाही. अभ्यासकांनी चॉसरपर्यंत धागे जोडून पाहिले. अर्थाची ही मोकळीक गाण्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे. प्रत्येक श्रोता तिच्यात आपली आठवण भरू शकतो.

या यशाची दुसरी बाजू न्यायालयात उघड झाली. गीताचे श्रेय केवळ ब्रूकर व रीड यांच्या नावावर नोंदले गेले होते. फिशर १९६९मध्ये बँडमधून बाहेर पडले. २००५मध्ये, म्हणजे तब्बल ३८ वर्षांनी, त्यांनी सहसंगीतकार म्हणून हक्क सांगितला. डिसेंबर २००६मध्ये उच्च न्यायालयाने ऑर्गनची सुरावट ही स्वतंत्र व महत्त्वाची निर्मिती असल्याचे मान्य करून संगीताच्या स्वामित्वहक्कात त्यांना ४० टक्के वाटा दिला. एप्रिल २००८मध्ये अपील न्यायालयाने सहसंगीतकार ही मान्यता कायम ठेवली. पण इतक्या विलंबामुळे मानधनातील वाटा नाकारला. अखेर ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने फिशर यांच्या बाजूने कौल दिला. अशा दाव्याला कायद्यात कालमर्यादा नाही आणि विलंबाचा फायदा प्रतिवादींनाच झाला आहे, असा या निर्णयाचा आशय होता. मात्र २००५पूर्वीच्या कमाईतील वाटा फिशर यांना मिळाला नाही.

या निकालाने केवळ एका गाण्याचा वाद मिटला नाही. चाल कुठे संपते आणि वादनातील सजावट कुठे सुरू होते, हा प्रश्न स्टुडिओत काम करणाऱ्या प्रत्येक वादकाचा आहे. गुणगुणताना ओठांवर आधी ऑर्गनची धूनच येत असेल, तर तिच्या कर्त्याला निव्वळ साथीदार कसे म्हणावे?

पुढे बँडने 'होम्बर्ग' (१९६७) आणि एडमंटन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह सादर केलेले 'कॉन्किस्टाडोर' (१९७२) यांद्वारे यश मिळवले, पण पहिल्या गाण्याची उंची पुन्हा गाठता आली नाही. ते गाणे मात्र चालतच राहिले. १९७७च्या ब्रिट पुरस्कारांत मागील २५ वर्षांतील सर्वोत्कृष्ट ब्रिटिश पॉप सिंगलचा मान त्याला क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'सह विभागून मिळाला. 'द बिग चिल' (१९८३) चित्रपटात ते वाजले, तर १९९५मध्ये ॲनी लेनॉक्स यांनी ते नव्याने गायले. मागील ७५ वर्षांत ब्रिटनमधील सार्वजनिक ठिकाणी सर्वाधिक वाजलेले गाणे म्हणून २००९मध्ये त्याचे नाव जाहीर झाले. २०१८मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याचा गौरव केला.

गॅरी ब्रूकर यांचे फेब्रुवारी २०२२मध्ये, तर कीथ रीड यांचे मार्च २०२३मध्ये निधन झाले. गीतावर आता तिघांची नावे आहेत: शब्द रीड यांचे, संगीत ब्रूकर व फिशर यांचे.