हार्ड डिस्कवरील विभागणी : व्यवस्था, वेग आणि जपणूक

पुण्याच्या आळंदी रस्त्यावरील विश्रांतवाडीत आणि शेजारच्या कळस, धानोरी या गावांच्या हद्दींत एकेकाळच्या शेतजमिनींवर आज गृहसंस्था उभ्या आहेत. तथापि त्यांच्या पत्त्यांतून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर गेलेले नाहीत. नांगर गेला, बांध बुजले, पण मोजणीने घातलेली अंकांची चौकट टिकून राहिली. याच वसाहतींतील घरोघरच्या संगणकांत हार्ड डिस्कवर अशीच एक चौकट आखलेली असते. 'सी ड्राइव्ह' व 'डी ड्राइव्ह' ही नावे सर्वांच्या तोंडी रुळली आहेत. परंतु अक्षरमाला 'सी'पासून का सुरू व्हावी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी वापरातून गेली, राखीव जागा मात्र राहिली.

या लहानशा उदाहरणात सबंध विषयाचे सूत्र आहे. डिस्कची विभागणी केवळ सुव्यवस्थेच्या आवडीतून निघाली, ही समजूत इतिहासाला धरून नाही. प्रत्येक टप्प्यावर ती त्या काळच्या यंत्राच्या किंवा प्रणालीच्या मर्यादेला दिलेले उत्तर होती. आणि मर्यादा सरल्यावरही ते उत्तर रूढी म्हणून चालू राहिले.

हार्ड डिस्कचा उगम १९५६ सालचा. आय.बी.एम. कंपनीने त्या वर्षी 'रॅमॅक' या संगणकाबरोबर जे साठवणयंत्र आणले, त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. चकतीवर मजकूर ठेवण्यापूर्वी दोन प्रकारची तयारी लागते. पहिली, पृष्ठभागावर वर्तुळाकार मार्ग आखून त्यांचे लहान तुकडे, म्हणजे सेक्टर, पाडणे. ही जणू जमिनीची मोजणी होय. दुसरी, कोणती फाइल कोणत्या तुकड्यांत आहे हे सांगणारी नोंदवही तयार करणे. ही गावच्या दप्तराची मांडणी. दोहोंनाही 'फॉरमॅट' हाच शब्द लावला जातो आणि त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. आजचा वापरणारा जे फॉरमॅट करतो ते बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते. पहिले काम कारखान्यातच उरकलेले असते.

घरगुती व कार्यालयीन संगणकावरील विभागणीचा खरा आरंभ मार्च १९८३ मध्ये झाला. आय.बी.एम.च्या 'पीसी एक्सटी' या संगणकात १० मेगाबाइटची डिस्क होती. तिच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरात ६४ बाइटांचा एक तक्ता ठेवण्यात आला. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणून नोंदी चारच. हेतू असा की, भिन्न कार्यप्रणालींना एकाच डिस्कवर आपापल्या हद्दीत नांदता यावे. फाइलींची वर्गवारी हा या तक्त्याचा मूळ उद्देश नव्हता. ती सोय मागाहून सापडली.

लवकरच अडचण उद्भवली. त्या काळच्या डॉस प्रणालीत एका विभागातील सेक्टरांची संख्या १६ बिटांत लिहिली जाई. त्यामुळे ३२ मेगाबाइटपेक्षा मोठा विभाग तिला हाताळता येत नसे. डिस्क मात्र वाढत चालल्या होत्या. १९८७ साली डॉसच्या ३.३ या आवृत्तीने 'विस्तारित विभाग' आणला व त्याच्या पोटात अनेक उपविभाग करण्याची मुभा दिली. महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांशी परिचित असलेल्यास यात पोटहिस्स्याची पद्धत सहज ओळखता येईल : मूळ क्रमांक तोच ठेवून आत नवे हिस्से पाडावयाचे. येथे विभागणी ही निवड नव्हती. तिच्यावाचून मोठी डिस्क पूर्ण वापरताच येत नव्हती.

यानंतरची अडचण किमान एककाची. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी जमाबंदी लागू केली, तिच्या पद्धतीत एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या क्षेत्राचा आधार घेऊन शेताचे एकक ठरविले जाई. डिस्कवर असे एकक म्हणजे क्लस्टर. १६ बिटांच्या फॅट पद्धतीत क्लस्टरांची संख्या सुमारे ६५ हजारांवर जाऊ शकत नसल्याने, विभाग जेवढा मोठा तेवढे एकक मोठे करावे लागे. १ गिगाबाइटहून मोठ्या, २ गिगाबाइटपर्यंतच्या विभागात हे एकक ३२ किलोबाइटचे असे. म्हणजे चार ओळींचे पत्रही ३२ किलोबाइट जागा अडवी. तीच डिस्क ५१२ मेगाबाइटच्या चार भागांत वाटली तर एकक ८ किलोबाइटवर येई. त्या दशकात डिस्क विभागण्याचा सल्ला दिला जाई, त्यामागे हा रोकडा हिशेब होता. १९९६ मध्ये फॅट-३२ पद्धत आली आणि ८ गिगाबाइटपर्यंतच्या विभागास ४ किलोबाइटचे एकक पुरू लागले. हिशेब बदलला, सल्ला बदलला नाही.

वेगाविषयीचा युक्तिवादही असाच तपासावा लागतो. फिरत्या चकतीवर बाहेरचे मार्ग लांब असतात. त्यांवर अधिक सेक्टर मावतात आणि एका फेरीत अधिक मजकूर वाचला जातो. डिस्कचा आरंभ बाहेरून होत असल्याने पहिला विभाग स्वभावतः वेगवान ठरतो, आणि विभाग लहान असल्यास वाचणाऱ्या शीर्षाची धावही कमी होते. फाइलींचे तुकडे विखुरले की ही धाव वाढते. म्हणून त्यांचे एकत्रीकरण करणारी साधने प्रचारात आली. मुंबई राज्यातील १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यामागेही विखुरलेल्या तुकड्यांमुळे श्रम वाया जातात हाच विचार होता. परंतु चकती व शीर्ष नसलेल्या एसएसडीवर ही सर्व कारणे जवळजवळ निरर्थक होतात. तेथे वारंवार एकत्रीकरण केल्यास लाभ अल्प आणि झीज अधिक.

हद्द कोठे सुरू होते यालाही महत्त्व असते. विंडोज एक्सपीपर्यंत पहिला विभाग सामान्यतः ६३ व्या सेक्टरापासून सुरू होई. २०१० च्या सुमारास ४०९६ बाइटांच्या सेक्टरांच्या डिस्क बाजारात आल्या. ६३ या संख्येस ८ ने भाग जात नसल्याने जुन्या रीतीने आखलेल्या विभागातील एकेक लेखन दोन सेक्टरांवर पडू लागले आणि वेग घटला. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाने २०४८ व्या सेक्टरापासून आरंभ करून हा दोष आधीच टाळला होता. १९८३ च्या तक्त्याची अखेरची मर्यादाही याच सुमारास जाणवली : सेक्टर क्रमांकास ३२ बिट असल्याने ५१२ बाइटांच्या हिशेबाने सुमारे २ टेराबाइटपलीकडील जागेस पत्ताच देता येत नव्हता. जीपीटी या नव्या तक्त्याने ६४ बिटांचे क्रमांक आणि सामान्यतः १२८ नोंदी दिल्या. शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली.

संशोधकाच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व जपणुकीत आहे. फिरत्या डिस्कवर 'क्विक फॉरमॅट' केले असता नोंदवही नवी होते, पाने बहुतांशी तशीच राहतात. म्हणून चुकून पुसलेले साहित्य, त्यावर नवे काही लिहिले नसेल तर, अनेकदा परत मिळते. आणि त्याच कारणाने भंगारात दिलेल्या डिस्कवरील खाजगी कागद परक्याच्या हाती पडू शकतात. व्हिस्टापासून विंडोजचे पूर्ण फॉरमॅट सर्वत्र शून्ये लिहिते, तर एसएसडीवर फॉरमॅटबरोबर जागा मोकळी करण्याची सूचना जाऊन मजकूर परत मिळण्याची आशा फारच थोडी उरते. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. तिच्या जिस्ट तंत्राने डॉसच्या संगणकांवर देवनागरी लेखन प्रचारात आले. त्या काळचा जो मराठी मजकूर जुन्या डिस्कवर उरला असेल, तो वाचण्यास विभागांचा तक्ता, फाइलींची नोंदवही आणि अक्षरांची संकेतप्रणाली, अशा तीन दारांतून जावे लागेल. यांतील एकही बंद झाले तर मजकूर असून नसल्यासारखाच.

सारांश, आज विभागणीचे एक कारण निश्चित सबळ आहे : कार्यप्रणाली एका विभागात आणि स्वतःचे साहित्य दुसऱ्यात ठेवल्यास, पहिला विभाग फॉरमॅट करूनही दुसरा अबाधित राहतो. मात्र जमिनीची उपमा येथे संपते. शेताचा एक हिस्सा पुरात खरवडला तरी दुसरा शिल्लक राहू शकतो. डिस्क निकामी झाली की तिच्यावरील सर्व विभाग एकदमच जातात. 'डी'मध्ये ठेवलेली 'सी'ची प्रत ही सुरक्षित प्रत नव्हे. हस्तलिखितांची छायाचित्रे, टिपणे वा प्रबंधाचा मसुदा यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि शक्य तर वेगळ्या जागी, असणे आवश्यक आहे.