पात्र आणि देह : हिंदी साहसमालिकांतील नटबदलाचा एक विचार

नाट्यसंहितेचा अभ्यास करताना आपण गृहीत धरतो की, पात्र हे शब्दांत असते आणि नट त्याला तात्पुरता देह देतो. नट बदलला तरी पात्र उरते, या श्रद्धेवर अभिजात नाटकाचे अध्ययन उभे आहे. दूरचित्रवाणीवरील दीर्घ मालिकेने ही श्रद्धा अडचणीत आणली. गुन्हेशोध आणि साहस यांवर आधारलेल्या मालिकांत तर नटबदल अनेकदा मालिकेच्या मुळावरच येतो. असे का होते, याचा शोध प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

या विचारासाठी जबलपूर हे सोयीचे ठिकाण आहे. 1781 ते 1817 या काळात हे नगर मराठ्यांच्या अमलाखाली होते. पुढे 1956 पर्यंत ते ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. मराठी आणि हिंदी या दोन भाषांच्या शेजारातून येथील प्रेक्षक घडला. एकीकडे मराठी नाटकमंडळ्यांची स्मृती आणि दुसरीकडे पारशी रंगभूमीचा फिरता तंबू, अशा दोन्ही परंपरा त्याच्या आवाक्यात होत्या. जबलपूरचे रघुवीर यादव हे तरुणपणी अशाच एका फिरत्या पारशी कंपनीत तयार झाले.

मंडळ्यांच्या काळात नटबदल ही नित्याची बाब होती. 'संगीत शाकुंतल' 1880 मध्ये रंगभूमीवर आले. शकुंतला आणि सुभद्रा या भूमिकांनी गाजलेले भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये निवर्तले. 1905 मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला पुन्हा उभी राहिली. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा किर्लोस्कर मंडळीला मोठा धक्का बसला. परंतु धक्का बसला तो संस्थेला, शकुंतलेला नव्हे. संहिता आणि पदे नटाआधी अस्तित्वात होती, म्हणून नव्या गळ्याला जुनी जागा मिळू शकली. प्रेक्षक तुलना करीत. पण तुलना करण्यासाठी दोघांहून निराळे असे काहीतरी स्थिर लागते, आणि ते संहितेने पुरविले.

मालिकेत हा क्रम उलटतो. तेथे संहिता आधी पूर्ण नसते. ती आठवड्यागणिक लिहिली जाते आणि लिहिणारा नटाच्या लकबी पाहून लिहितो. म्हणजे नट संहितेमागून येत नाही, संहिताच नटामागून येते. यादवांनी 1989 च्या सुमारास दूरदर्शनवर साकारलेला मुंगेरीलाल हे याचे बोलके उदाहरण आहे. पुढे त्या यशाचा विस्तार करताना निर्मात्यांनी मुंगेरीलालच्या जागी दुसरा नट उभा केला नाही. त्याला नौरंगीलाल नावाचा भाऊ दिला आणि ती भूमिका राजपाल यादव यांच्याकडे सोपविली. पात्र उसने देता येत नाही, नाते देता येते, हे त्यांनी ओळखले होते.

साहसमालिकेत ही गाठ आणखी घट्ट बसते. तेथे मनोव्यापाराला वेळ थोडा आणि संवाद आटोपशीर असतात. पात्राची ओळख चालण्यात, थांबण्यात, हात फिरविण्यात साठते. 'सी. आय. डी.' ही मालिका 21 जानेवारी 1998 रोजी सुरू झाली आणि ऑक्टोबर 2018 मध्ये तिचे पहिले पर्व संपले, तेव्हा दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. शिवाजी साटम यांच्या प्रद्युमनची बोटे आणि दयानंद शेट्टी यांच्या दयाचा दरवाजावरचा आघात ही त्या मालिकेची खरी संहिता होती. दयाचे तर नावही नटाच्या नावातून आले आहे.

आता प्रतिवादाचा विचार केला पाहिजे. आरंभीच्या काळात इन्स्पेक्टर वीरेंद्रची भूमिका करणारे आशुतोष गोवारीकर लवकरच बाहेर पडले आणि तरीही मालिका खचली नाही. कारण त्या पात्रावर अद्याप वर्षांचा थर चढला नव्हता. शिवाय आदित्य श्रीवास्तव आले ते वीरेंद्र म्हणून नव्हे, तर अभिजीत या स्वतंत्र पात्राच्या रूपाने. याच्या नेमके विरुद्ध टोक स्त्री-अधिकाऱ्यांच्या बाबतीत दिसते. अश्विनी काळसेकर यांच्यापासून कितीतरी अभिनेत्री आल्या व गेल्या. त्यांना थर साठविण्याइतका अवधी क्वचितच मिळाला. परिणामी पथकाची स्मृती पुरुषांच्या देहांतच साठत गेली. मालिकेचा दुबळेपणा नटबदलाने येतो असे म्हणताना, कोणाचा बदल आपल्याला जाणवतही नाही, हा प्रश्नही विचारला पाहिजे.

5 डिसेंबर 2023 रोजी दिनेश फडणीस यांचे निधन झाले. डिसेंबर 2024 मध्ये मालिका परतली तेव्हा त्यांचा फ्रेडरिक्स दुसऱ्या नटाला देण्यात आला नाही. हे औचित्य पुढे मात्र टिकले नाही. एप्रिल 2025 मध्ये प्रद्युमनचा मृत्यू दाखविण्यात आला आणि पार्थ समथान हे आयुष्मान या नव्या पात्राच्या रूपाने त्या पदावर आले. वरवर पाहता अभिजीतच्या वेळचीच रीत येथेही पाळली गेली होती: नवा नट, नवे नाव. तरीही प्रेक्षक नाराज झाले आणि थोड्याच काळात साटम यांना कथेत परत आणावे लागले. याचा अर्थ असा की, सहकाऱ्याची जागा नव्या पात्राने भरता येते. परंतु ज्याच्या भोवती पथकाचे कुटुंब झाले, त्या वडीलधाऱ्याची जागा पदाने भरत नाही. पद बदलीने मिळते, वडीलकी सहवासाने.

म्हणून नटबदल स्वतः घातक नसतो. साठलेला काळ हस्तांतरणीय आहे असे मानणे घातक ठरते. शकुंतला बालगंधर्वांना मिळू शकली, कारण ती भाऊरावांपूर्वीही होती. प्रद्युमन साटम यांच्यापूर्वी नव्हता. तौलनिक साहित्याभ्यासाने दीर्घ मालिकेकडे वळायचे असेल, तर संहिता कागदावरच शोधण्याची सवय त्याला सोडावी लागेल. येथे नटाचे वय हेच संहितेचे हस्तलिखित आहे, आणि त्याची दुसरी प्रत नसते.